दात गेले, चोच आली: जुन्या पक्ष्यांचे जीवाश्म आपल्याला काय सांगतात?

"कोंबडी ही टी-रेक्सची नातेवाईक आहे" ही पोस्ट तुमच्या फोनवर एकदा तरी येऊन गेलीच असेल. बातमी बरोबर आहे. पण ती वाचून झाल्यावर एक साधा प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर त्या पोस्टमध्ये कधीच नसतं. टी-रेक्सच्या तोंडात केळ्याएवढे दात होते आणि कोंबडीच्या तोंडात एकही नाही. मग मधल्या काळात ते दात गेले कुठे? आणि त्यांच्या जागी चोच कशी आली?

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, हाडं खणत नाही. पण या प्रश्नाचं उत्तर शोधताना गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे काम झालंय त्यात सीटी स्कॅन, लेझर, थ्रीडी मॉडेल आणि जीनोमचा डेटा हे सगळं आहे. म्हणजे हा विषय जितका हातोडी-छिन्नीचा, तितकाच आता कॉम्प्युटरचाही झालाय. म्हणून या लेखात जीवाश्म आणि टेक्नॉलॉजी दोन्ही सोबत घेऊन जाऊया.

थोडक्यात सांगायचं तर

- सुरुवातीच्या पक्ष्यांना दात होते. चोच नंतर आली, आणि तीही एका झटक्यात नाही.
- दात नसलेली चोच एकदाच तयार झाली नाही. पक्ष्यांच्या आणि डायनोसॉरच्या वेगवेगळ्या शाखांत ती स्वतंत्रपणे तयार झाली.
- चीनमधला कन्फ्युशिअसॉर्निस हा सुमारे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा बिनदातांचा पक्षी. पण तो आजच्या पक्ष्यांचा पूर्वज नाही.
- अमेरिकेतल्या इक्थिऑर्निसच्या तोंडात चोच आणि दात दोन्ही होते.
- आजच्या पक्ष्यांच्या जीनोममध्ये दातांची जनुकं अजूनही आहेत, पण मोडक्या अवस्थेत.

चोच म्हणजे नेमकं काय?

आपण चोच म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर बाहेरचा टणक भाग येतो. पण चोचीचे दोन थर असतात. आत जबड्याचं हाड आणि त्यावर केराटिनचं आवरण. केराटिन म्हणजे आपली नखं, केस आणि गाईची शिंगं ज्या पदार्थाची बनलेली असतात तोच. नखासारखंच हे आवरणही झिजतं आणि वाढत राहतं.

हाडाच्या बाजूनेही एक मोठा फरक आहे. आपल्या, मगरीच्या किंवा टी-रेक्सच्या वरच्या जबड्यात पुढच्या टोकाला एक छोटं हाड असतं, त्याला प्रिमॅक्सिला म्हणतात. बाकीचा मोठा भाग मॅक्सिला नावाच्या हाडाचा. पक्ष्यांमध्ये हे उलटं झालं. पुढचं छोटं हाड लांब झालं, उजवं-डावं एकमेकांना जोडलं गेलं आणि जवळपास सगळी वरची चोच त्याचीच झाली. मॅक्सिला मागे कोपऱ्यात ढकललं गेलं.

अजून एक गंमत. पोपट काही खाताना नीट बघा. त्याची वरची चोच कवटीपासून वेगळी हलते. आपला वरचा जबडा कवटीला घट्ट बसलेला असतो, आपण फक्त खालचा हलवतो. बहुतेक पक्ष्यांना वरची चोच थोडीफार उचलता येते, कारण टाळूतली हाडं सुटी असतात आणि ती दांड्यासारखी पुढे सरकून चोच ढकलतात.

म्हणजे "चोच कधी आली?" हा एक प्रश्न नाहीच. त्यात चार प्रश्न आहेत: दात कधी गेले, केराटिनचं आवरण कधी आलं, पुढचं हाड कधी लांबलं आणि वरचा जबडा कधी हलायला लागला. सॉफ्टवेअरमध्ये एखादं मोठं फीचर चार वेगवेगळ्या रिलीजमध्ये तुकड्यातुकड्याने यावं तसं हे झालंय.

अडचण अशी, की चोच दगडात टिकत नाही

हाडं आणि दात टणक खनिजांचे असतात, त्यामुळे त्यांचे जीवाश्म होऊ शकतात. केराटिन मात्र बहुतेक वेळा कुजून जातं. मग शास्त्रज्ञ खुणा बघतात. केराटिनला रक्त पोचवायला हाडात बारीक छिद्रं आणि खोबणी असतात. ती दाट दिसली आणि त्या भागात दातांच्या खाचा नसल्या, तर तिथे आवरण असणार असा अंदाज बांधता येतो.

क्वचित ठिकाणी नशीब जोरावर असतं. शांत तळ्याच्या तळाशी बारीक गाळ, त्यावर ज्वालामुखीची राख, आणि त्यात पक्षी पटकन गाडला गेला तर पिसं आणि चोचीचं आवरण यांचेही ठसे उरतात. चीनच्या लिआओनिंग प्रांतात नेमकं हेच झालं. त्याबद्दल पुढे येतंच.

आर्किऑप्टेरिक्स: पिसं आहेत, चोच नाही

गोष्ट सुरू होते जर्मनीत. बव्हेरियातल्या झोल्नहोफेन भागात छपाईच्या कामाला लागणारा बारीक पोताचा चुनखडीचा दगड निघतो. तिथे १८६१ मध्ये एका पिसाचा ठसा सापडला आणि हर्मन फॉन मायर यांनी त्याला आर्किऑप्टेरिक्स हे नाव दिलं. त्याच वर्षी एक सांगाडाही पुढे आला, तो आज लंडनला आहे. डार्विनचं 'ओरिजिन ऑफ स्पीशीज' १८५९ मध्ये प्रसिद्ध झालं होतं, म्हणजे पुस्तकाची शाई वाळते ना वाळते तोच हा पुरावा हातात आला.

साधारण १५ कोटी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याला पक्ष्यासारखी पिसं आणि पंख होते. पण सरड्यासारखी हाडांची लांब शेपटी, पंखावर नख्या असलेली तीन बोटं आणि जबड्यात दातही होते. बर्लिनच्या संग्रहालयातल्या नमुन्यात हे दात दिसतात. चोच मात्र नाही. यातून एक गोष्ट पक्की होते: पिसं आधी आली, चोच नंतर.

कॅन्ससचे दातवाले पक्षी

आता अमेरिकेत जाऊ. आज जिथे कॅन्ससची गव्हाची शेतं आहेत तिथे आठ-साडेआठ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्र होता. त्या समुद्राच्या तळाच्या खडूसारख्या खडकात येल विद्यापीठाचे ऑथ्निएल चार्ल्स मार्श यांना दोन पक्षी मिळाले आणि दोघांनाही त्यांनी १८७२ मध्ये नावं दिली.

पहिला हेस्परॉर्निस. माणसाएवढ्या लांबीचा, पंख जवळपास नाहीसे झालेला, पायांनी पाणी मारत मासे पकडणारा. दुसरा इक्थिऑर्निस. आपल्याकडच्या सुरय किंवा कुरव पक्ष्याएवढा आणि उत्तम उडणारा. इक्थिऑर्निसचा दात असलेला जबडा मार्श यांना आधी पक्ष्याचा वाटलाच नाही. तो एखाद्या समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचा असेल असं समजून त्यांनी त्याला वेगळं नावही दिलं. नंतर दगड आणखी साफ झाला आणि लक्षात आलं की जबडा आणि बाकीची हाडं एकाच प्राण्याची आहेत.

मार्श यांनी १८८० मध्ये दातवाल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ काढला. तो वाचून डार्विनने त्यांना पत्र लिहिलं आणि गेल्या वीस वर्षांत उत्क्रांतीच्या सिद्धांताला मिळालेला हा सर्वांत चांगला आधार आहे अशा अर्थाचं कौतुक केलं. सगळ्यांनाच मात्र ते आवडलं नाही. १८९२ मध्ये अमेरिकेच्या संसदेत सरकारी पैशाच्या उधळपट्टीचा नमुना म्हणून याच "दातवाल्या पक्ष्यांची" खिल्ली उडवली गेली आणि भूगर्भ सर्वेक्षणाच्या निधीला कात्री लागली. विज्ञानावरचा खर्च म्हणजे वायफळ खर्च, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

कन्फ्युशिअसॉर्निस: तळ्याकाठचा बिनदातांचा पक्षी

१९९५ मध्ये चिनी शास्त्रज्ञ होउ लिआन्हाय, झोउ झोंगहे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिआओनिंगमधल्या एका पक्ष्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. चिनी तत्त्वज्ञ कन्फ्युशिअस यांच्यावरून त्याला कन्फ्युशिअसॉर्निस सँक्टस हे नाव मिळालं. वय साधारण साडेबारा कोटी वर्षं.

हा पक्षी बघून अभ्यासक चक्रावले. जबड्यात एकही दात नाही, टोकदार चोच, आणि काही नमुन्यांत केराटिनच्या आवरणाचा ठसासुद्धा! हाडांची लांब शेपटीही नाही, तिच्या जागी आजच्या पक्ष्यांसारखं आखूड हाड. म्हणजे एकदम मॉडर्न. पण पंखावर मोठमोठ्या नख्या तशाच, आणि डोळ्यामागची कवटीची रचना जुन्या सरपटणाऱ्या प्राण्यांसारखी. नवीन फोनचा डिस्प्ले आणि आत दहा वर्षांपूर्वीचा प्रोसेसर असावा तसा प्रकार.

या पक्ष्याचं वैशिष्ट्य म्हणजे त्याची संख्या. बहुतेक जुन्या पक्ष्यांचा एखाद-दुसरा नमुना मिळतो. याचे शेकड्यांनी मिळालेत. शानडाँग प्रांतातल्या तिआन्यू संग्रहालयातच पाचशेहून जास्त आहेत. इतका डेटा असला की प्रश्नही बारीक विचारता येतात. उदाहरणार्थ, काही नमुन्यांना रिबिनीसारखी दोन लांब शेपटीची पिसं आहेत आणि काहींना नाहीत. नर-मादीचा फरक असेल का? २०१३ मध्ये लांब पिसं नसलेल्या एका नमुन्याच्या हाडात विशेष प्रकारचं ऊतक सापडलं, जे पक्षिणी अंड्याच्या कवचासाठी कॅल्शियम साठवताना तयार करतात. म्हणजे ती मादी होती.

२०२० मध्ये एका गटाने या पक्ष्याच्या चोचीवर लेझर वापरून बघितलं. पद्धत सोपी आहे: अंधारात जीवाश्मावर जांभळा लेझर फिरवायचा आणि कॅमेऱ्याला असा फिल्टर लावायचा की परावर्तित लेझर अडेल आणि दगडातून निघणारी चमक तेवढी टिपली जाईल. वेगवेगळी खनिजं वेगवेगळ्या रंगात चमकतात, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे मऊ भागांचे अवशेष उठून दिसतात. या नमुन्यात केराटिनचं आवरण हाडापासून थोडं सुटून बाजूला सरकलेलं दिसलं. जबड्याच्या ताकदीचा हिशोब केल्यावर हा पक्षी टणक दाणे फोडणारा नसावा, मऊ काहीतरी खाणारा असावा, असं त्या गटाने मांडलं.

शिडी नाही, फांद्या

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, कारण इथेच बहुतेक व्हायरल पोस्ट घसरतात. तारखा परत बघा. बिनदातांचा कन्फ्युशिअसॉर्निस साडेबारा कोटी वर्षांपूर्वीचा. दातवाला इक्थिऑर्निस साडेआठ कोटी वर्षांपूर्वीचा. मग दात गेले आणि पुन्हा आले की काय?

नाही. उत्क्रांतीला आपण शिडी समजतो, म्हणून गोंधळ होतो. तुम्ही गिट वापरत असाल तर पटकन समजेल: एका रिपॉझिटरीतून अनेक ब्रँच निघतात, एका ब्रँचवर कोणीतरी जुना मोड्यूल आधीच काढून टाकतं, दुसऱ्या ब्रँचवर तो अजून चालू असतो. कन्फ्युशिअसॉर्निसच्या शाखेने दात लवकर टाकले आणि ती शाखा पुढे संपली. आजच्या पक्ष्यांच्या मूळ शाखेजवळ इक्थिऑर्निस बसतो. तो थेट पूर्वज नाही, जवळचा चुलत भाऊ आहे, आणि त्याच्याकडे दात शिल्लक होते. एक फरक लक्षात ठेवा: गिटमध्ये ब्रँच पुन्हा मर्ज करता येते, पक्ष्यांच्या दूर गेलेल्या शाखांत ते होत नाही.

बिनदातांची चोच किती वेळा आली याची उदाहरणं बघा:

- मंगोलियातला गोबिप्टेरिक्स. नामशेष झालेल्या एका वेगळ्याच पक्षीगटातला, पण दात नाहीत.
- ओव्हिरॅप्टर आणि त्याचे नातेवाईक. हे पक्षी नाहीत, डायनोसॉर आहेत. तरी पोपटासारखी चोच.
- चीनमधला लिम्युसॉरस, साधारण १६ कोटी वर्षांपूर्वीचा डायनोसॉर. २०१६ मध्ये वेगवेगळ्या वयाच्या १९ सांगाड्यांच्या अभ्यासातून कळलं की पिल्लांना दात होते आणि मोठं होताना ते गळून चोच राहत होती. जन्माला येताना दात आणि म्हातारपणी बोळकं, तसं. फक्त याचं बोळकं तारुण्यातच!
- उलट उदाहरण मादागास्करच्या फाल्काटाकेलीचं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पक्ष्याचा चेहरा टूकनसारखा उंच आणि लांब. पण आतली हाडांची मांडणी जुनी, मॅक्सिला मोठं, आणि टोकाला चक्क दात. बाहेरून डिझाइन सारखं, आतला कोड पूर्ण वेगळा.

इक्थिऑर्निसची कवटी आणि सीटी स्कॅन

मार्श यांच्याकडची इक्थिऑर्निसची कवटी चपटी आणि अर्धवट होती. त्यामुळे जवळजवळ दीड शतक चोचीचा प्रश्न तसाच राहिला. २०१८ मध्ये डॅनिअल फील्ड, भार्त-अंजन भुल्लर आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या नियतकालिकात उत्तर दिलं, आणि तेही बरीच हाडं दगडातून बाहेर न काढता.

सीटी स्कॅन कसा चालतो? क्ष-किरण एका बाजूने सोडायचे, पलीकडे सेन्सर ठेवायचा, वस्तू थोडी फिरवायची आणि पुन्हा फोटो घ्यायचा. असे शेकडो-हजारो फोटो झाले की कॉम्प्युटर त्यातून आडवे काप तयार करतो. काप एकावर एक रचले की थ्रीडी ठोकळा मिळतो. फोटोत पिक्सेल असतात तसे यात छोटे घन असतात, त्यांना व्हॉक्सेल म्हणतात. प्रत्येक व्हॉक्सेलची करडी छटा सांगते की तिथला पदार्थ किती दाट आहे.

खरं कष्टाचं काम यापुढे असतं. हाड आणि दगड यांची छटा पुष्कळदा जवळजवळ सारखी असते. मग माणूस स्क्रीनवर एकेक काप उघडून "हे हाड, हा दगड" असं रंगवत जातो. माझ्या कामात इमेज सेगमेंटेशन येतं, त्यामुळे मला त्याची कल्पना आहे: बटण दाबलं आणि झालं असं ते नसतं. मांजर आणि कुत्रा ओळखणं वेगळं, आणि कोट्यवधी वर्षं दबून चिरडलेल्या हाडाची कड ओळखणं वेगळं.

या स्कॅनमधून येलच्या जुन्या नमुन्यात आजवर कुणाच्या नजरेत न आलेली हाडंही दिसली. सगळे तुकडे जोडून जी कवटी उभी राहिली ती अशी होती: वरच्या जबड्याच्या अगदी टोकाला दात नाहीत, तिथे केराटिनची छोटी चोच, चिमट्यासारखी. तिच्या मागे दातांची रांग. वरचा जबडा आजच्या पक्ष्यांसारखा हलणारा. मेंदूचा आकारही बराचसा आजच्यासारखा. पण कानशिलाजवळ जबड्याच्या ताकदवान स्नायूंसाठी मोठी जागा, डायनोसॉरसारखी.

म्हणजे सुरुवातीची चोच अशी टोकापुरती होती. दातांनी पकडायचं, चोचीच्या टोकाने टिपायचं, पिसं साफ करायची. भुल्लर यांचं म्हणणं असं की हातांचे पंख झाल्यावर पक्ष्यांना हाताचं काम करायला काहीतरी हवं होतं, आणि ते चोचीने केलं. हे पटायला सुगरणीचं घरटं बघितलं तरी पुरे. एवढं विणकाम ती चोचीनेच करते.

जनुकांतला डेड कोड

जुन्या प्रोजेक्टमध्ये असं हमखास दिसतं: एखादं फंक्शन कुणी वापरत नाही, पण फाइलमध्ये ते तसंच पडून असतं. कुणी दुरुस्त करत नाही, हळूहळू त्यात चुका साचतात. जीनोममध्येही असंच होतं.

२०१४ मध्ये ४८ जातींच्या पक्ष्यांचे जीनोम तपासले गेले. दातावरचं इनॅमल आणि आतलं डेंटीन तयार करायला लागणारी सहा जनुकं सगळ्या पक्ष्यांत सापडली, पण निकामी झालेली. विशेष म्हणजे त्यातले काही बिघाड सगळ्या जातींत एकसारखे होते. पन्नास विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत एकाच शब्दाची एकच चूक सापडली तर सर काय म्हणतील? सगळ्यांनी एकाच वहीवरून उतरवलंय. इथेही तेच: आजच्या सगळ्या पक्ष्यांच्या सामाईक पूर्वजातच दात गेले होते. इनॅमल सुमारे ११ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी गेलं, असा त्या संशोधकांचा अंदाज आहे.

प्रयोगशाळेतही याचे धागे मिळतात. २००६ मध्ये मॅथ्यू हॅरिस, जॉन फॅलन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एका विशिष्ट जनुकीय बिघाडाच्या कोंबडीच्या गर्भात मगरीच्या दातांसारखे छोटे उंचवटे तयार होतात. असा गर्भ अंड्यातून बाहेर येण्याइतका जगत नाही. २०१५ मध्ये भुल्लर आणि अर्हत अब्झानॉव्ह यांच्या गटाने गर्भातल्या दोन रासायनिक संदेशांना अडवलं, तेव्हा चोचीच्या जागी तयार होणारी हाडं जुन्या डायनोसॉरच्या मुस्कटासारखी आखूड आणि गोलसर झाली. "शास्त्रज्ञांनी डायनोसॉर-कोंबडी बनवली" अशा बातम्या तेव्हा फिरल्या, पण त्यातलं एकही पिल्लू जन्माला घातलं नव्हतं. चोच घडवणारी कळ कोणती, एवढंच तपासायचं होतं.

पण दात टाकून फायदा काय?

पूर्वी पुस्तकांत सरळ उत्तर असायचं: उडायला वजन कमी हवं म्हणून. आता ते उत्तर पुरेसं वाटत नाही. इक्थिऑर्निस दात घेऊन छान उडत होता, आणि वटवाघळं आजही उडतात. म्हणून इतर कारणंही पुढे आली आहेत.

- खाणं: दाणे, फळं, किडे असं वेगवेगळं खायला चोचीचा आकार बदलणं सोपं. दाणे दळायचं काम पोटातली पेषणी करते, म्हणजे चिकनच्या दुकानात आपण पोटा-कलेजी घेतो त्यातला पोटा.
- अंड्यातला वेळ: गर्भात दात तयार व्हायला बराच काळ लागतो. दात नसतील तर पिल्लू लवकर बाहेर येऊ शकतं आणि घरट्यावरचा धोक्याचा काळ कमी होतो. ही कल्पना २०१८ मध्ये मांडली गेली.
- हाताची जागा: वर सांगितलं तसं, चिमटा म्हणून वापर.

यातलं एकच खरं असायला हवं असं नाही. वेगवेगळ्या शाखांत वेगवेगळी कारणं असू शकतात.

दात होते त्यांना चणे मिळाले नाहीत

६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोत युकातान इथे साधारण १० किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला. त्याच सुमाराच्या काही लाख वर्षांत आपल्या दख्खनमध्ये लाव्हाचे थरांवर थर पसरत होते. सह्याद्रीचा काळा कातळ हा त्याचाच. विनाशात लाव्हाचा वाटा किती यावर अजून वाद चालू आहे. जंगलं जळाली, धुळीने ऊन अडलं, झाडं वाळली. मोठे डायनोसॉर तर गेलेच, पण दात असलेले सगळे पक्षीही गेले. वाचली ती फक्त बिनदातांच्या चोचीची एक शाखा.

असं का? २०१६ मध्ये काही अभ्यासकांनी मांडलेलं स्पष्टीकरण असं: झाडं मेली तरी बिया मातीत वर्षानुवर्षं टिकतात. चोच आणि पेषणी असलेले पक्षी त्या बियांवर तग धरू शकले. किडे, सरडे, मासे यांच्यावर अवलंबून असलेल्या दातवाल्यांची अन्नसाखळीच तुटली. आपल्याकडे म्हणतात, दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत. इथे शब्दशः तेच झालं, आणि दात नसलेल्यांनीच चणे खाल्ले! शिवाय जंगलंच गेल्याने झाडांवर राहणाऱ्यांपेक्षा जमिनीवर वावरणारे पक्षी जास्त वाचले असावेत, असंही २०१८ च्या एका अभ्यासात मांडलंय.

या संकटाच्या जेमतेम काही लाख वर्षं आधीचे दोन पक्षी बेल्जियम-नेदरलँड्स सीमेजवळच्या खडकांत मिळालेत. अ‍ॅस्टेरिऑर्निस २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दगडातून पायाची दोन-चार हाडं तेवढी डोकावत होती, सीटी स्कॅन केल्यावर आत पूर्ण कवटी निघाली. चेहरा थोडा कोंबडीसारखा, थोडा बदकासारखा, आणि टोपणनाव पडलं वंडरचिकन. दुसरा जानाव्हिस, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला, दातवाला. त्याच्या टाळूच्या एका हाडावरून कळलं की हलणारा जबडा आपण समजत होतो त्याहून जुना आहे. एकाच काळात, एकाच किनाऱ्यावर राहणारे दोन पक्षी. एका बाजूचे नातेवाईक आज आपल्या अंगणात दाणे टिपतात, दुसरी बाजू संपली.

सावधान: जीवाश्मही फोटोशॉप होतात

१९९९ मध्ये 'नॅशनल जिओग्राफिक'ने आर्किओरॅप्टर नावाचा जीवाश्म मोठ्या थाटात छापला: पुढून पक्षी, मागून डायनोसॉरची शेपटी. तो चीनमधून बेकायदा बाहेर नेलेला होता आणि अमेरिकेतल्या एका जीवाश्म-बाजारात ८० हजार डॉलरला विकला गेला होता. टेक्सास विद्यापीठाच्या टिमथी रो यांनी सीटी स्कॅन केला, तेव्हा तुकडे एकमेकांशी जुळत नसल्याचं दिसलं. पुढे चिनी शास्त्रज्ञ शू शिंग यांना त्याच शेपटीचा दगडाचा दुसरा अर्धा भाग सापडला, आणि त्यावरचं बाकी शरीर एका डायनोसॉरचं होतं. पुढचा भाग यानॉर्निस नावाच्या दातवाल्या पक्ष्याचा, शेपटी चार पंखांच्या मायक्रोरॅप्टरची. जास्त पैसे मिळावेत म्हणून कुणीतरी चिकटवलेली.

यातली खरी हळहळ वेगळीच आहे. दोन्ही तुकडे अस्सल होते आणि दोन्ही मोलाचे होते. नीट खणून, जागा नोंदवून काढले असते तर दोन चांगले शोध लागले असते. जीवाश्म कुठल्या थरातून आला ही माहिती म्हणजे त्याचा मेटाडेटा. तो गेला की उरतो तो सुंदर दगड, पुरावा नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*पक्षी म्हणजे डायनोसॉरच का?*
हो. ते डायनोसॉरच्या एका शाखेतून आले आणि आजही त्याच शाखेत मोजले जातात.

*टेरोसॉर हे चोचवाले पक्षी होते ना?*
नाही. ते उडणारे सरपटणारे प्राणी, वेगळ्या शाखेतले. त्यातल्या टेरॅनोडॉनसारख्या काहींना बिनदातांची चोच होती, पण ती त्यांची स्वतःची.

*दात परत आले असं कधी झालं का?*
खरे दात नाहीत. पेलागॉर्निस नावाच्या सहा मीटरहून मोठ्या पंखविस्ताराच्या समुद्रपक्ष्याच्या चोचीवर दातांसारखे उंचवटे होते. ते जबड्याच्या हाडाचेच होते, इनॅमल नाही. कोंबडीच्या पिल्लाच्या चोचीवर अंडं फोडायला टोक असतं तेही दात नव्हे.

*या जीवाश्मांतून डीएनए मिळेल?*
नाही. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए साधारण २० लाख वर्षांपूर्वीचा आहे. इथे गोष्ट कोटींची आहे.

फोनवरून काय करता येईल?

मॉर्फोसोर्स या संकेतस्थळावर अनेक संग्रहालयांचे थ्रीडी स्कॅन ठेवलेले आहेत. बरेच मोफत बघता येतात आणि बोटाने फिरवताही येतात. एक आजच्या पक्ष्याची कवटी आणि एक मगरीची कवटी शेजारी शेजारी उघडा. पुढचं हाड कसं लांबलंय ते दोन मिनिटांत दिसेल.

आणि पुढच्या वेळी "मिसिंग लिंक सापडला!" असा फॉरवर्ड आला की पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. जीवाश्म कुठे आणि कुठल्या थरात मिळाला हे लिहिलंय का? त्याचा अभ्यास कुठल्या नियतकालिकात आलाय? आणि त्याला थेट पूर्वज म्हटलंय की नातेवाईक? तिसऱ्या प्रश्नावरच बहुतेक पोस्ट नापास होतात.